धोमच्या पाण्यावर सहा हॉर्सपॉवरची मोटर: गाळातून उचलता येईल तेवढीच घ्या

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. सोळा फुटी फायबरची होडी, दोन माणसं, ओल्या जाळ्यांचा ढीग, मासळीचे क्रेट आणि बर्फाची पेटी एवढं ओझं घेऊन धरणात फिरायचं असेल तर सहा हॉर्सपॉवरची चार-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये तेल न मिसळता चालणारी) आऊटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायची मोटर, घ्या. दहाची नको. हातात पैसे असले तरी नको.

मी वाई तालुक्यातल्या धोम धरणावरून लिहितेय. आम्ही भोई. आबांचं सगळं आयुष्य वल्ह्यावर गेलं, आता होडी मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. मासेमारीचा ठेका संस्थेकडे आहे, आम्ही संस्थेचे सभासद. संध्याकाळी जाळी लावायची, पहाटे काढायची आणि कटला, रोहू, सायप्रिनस, चिलापी जे काय लागेल ते ऊन चढायच्या आत वाईला पोचवायचं. मोटर आमच्यासाठी हौसेची वस्तू नाही. ती बंद पडली तर त्या दिवशीची मासळी पडून राहते.

कंपनीच्या नावावरून वाद घालणाऱ्यांना एक सांगते. सहाच्या वर्गातल्या जपानी मोटरी एकमेकींच्या फार जवळ आहेत. सुझुकीची १३८ सीसी, यामाहाची १३९, होंडाची १२७, तोहात्सूची १२३. सगळ्या एका सिलिंडरच्या, हाताने दोरी ओढून चालू होणाऱ्या, पुढे-न्यूट्रल-मागे असा गिअर असणाऱ्या. वजन साधारण २४ ते २७ किलो. आमची यातलीच एक आहे. खाली जे गुणदोष लिहितेय ते या आकाराच्या मोटरीचे आहेत, अमक्या कंपनीचे नाहीत.

लोक पहिला प्रश्न विचारतात, "पळते किती?" आमच्याकडे पहिला प्रश्न वजनाचा. धोम भरलं की साडेतेरा टीएमसी पाणी असतं आणि होडी जवळजवळ वाटेवर येऊन लागते. त्याच जागेवरून मे महिन्यात पाणी लांब खाली दिसतं. मधे सगळा गाळ. वरून वाळून भेगाळलेला, आत पाय घातला की गुडघाभर. होडी पाण्यावर नांगरून ठेवता येते, पण रात्रीची मोटर तिच्यावर कोण ठेवणार? ती रोज उतरवून वर आणायची आणि रोज परत खाली न्यायची. पंचवीस किलोची मोटर माझा भाऊ एकटा खांद्यावर घेतो. तो नसला तर मी आणि भावजय मिळून नेतो. ९.९ हॉर्सपॉवरची चार-स्ट्रोक चाळीस किलोच्या आसपास जाते. तिला दोन दणकट गडी लागतात, आणि गाळात दोघांचे पाय एका वेळी निघत नाहीत. एकाचा रुतला की दुसऱ्याच्या हातून मोटर सुटते. विक्रेत्याच्या दुकानात, फरशीवर, हे कळत नाही. तिथे सगळ्याच मोटरी हलक्या वाटतात.

दुसरं कारण होडीच्या लांबीत आहे. पाणी कापत चालणाऱ्या होडीचा वेग तिचा किती भाग पाण्यात आहे त्यावर ठरतो. पंधरा फूट पाण्यात असेल तर ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास तिची हद्द येते. त्यापुढे ताकद लावली की मागचा भाग खाली बसतो, नाक वर उचलतं, मागे लाट मोठी होते आणि पेट्रोल नुसतं जळतं. ही हद्द ओलांडून पाण्यावरून घसरत जायचं तर होडी हलकी हवी, तळ त्या घडणीचा हवा आणि मोटर बरीच मोठी हवी. ओल्या जाळ्यांनी भरलेली आमची होडी तशी कधी पळणार नाही, आणि पळायला नकोच. सहाची मोटर थ्रॉटल पूर्ण न उघडता त्या हद्दीपर्यंत नेते. दहाची लावली असती तरी तिथेच अडकली असती.

बामणोली-तापोळ्याकडे बघून मोटर ठरवू नका. तिथल्या होड्या पर्यटक घेऊन वासोट्याच्या पायथ्यापर्यंत लांबचा फेरा मारतात, तेही कोयना धरणाच्या शिवसागरासारख्या १०५ टीएमसीच्या पाण्यावर. त्यांना मोठं मशीन लागतं, ते बरोबरच आहे. शिवाय तो फेरा कोयना अभयारण्याच्या काठाने जातो, तिथे जाळं टाकण्याचा विचारही वन विभागाच्या परवानगीशिवाय करू नये. कण्हेर, उरमोडी, धोम ही पाणी वेगळी आहेत. इथे दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटतो, तेव्हा जोरापेक्षा हळू चालताना मोटर किती धीराने चालते ते महत्त्वाचं.

दोन-स्ट्रोक का नाही, हे आमच्याच बिरादरीतले जास्त विचारतात. जुन्या दोन-स्ट्रोक मोटरीबद्दल मला आदर आहे. आठ हॉर्सपॉवर असूनही वजनाला आमच्या सहाच्या चार-स्ट्रोकएवढीच, सुटे भाग थोडे, आणि कोकणातला कुठलाही मिस्त्री डोळे मिटून उघडतो. पण ती पेट्रोल पिते आणि तेल मिसळून पिते. प्रमाण बहुतेक ५०ला १, म्हणजे दहा लिटरला २०० मिली, तेही आऊटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ तेल, स्कूटरचं नव्हे. पहाटे अंधारात, थंडीत, हे माप रोज काटेकोर पडत नाही. तेल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो. आणि धूर जाळं काढणाऱ्याच्या तोंडावर येतो. आमची चार-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला तासाला दोन लिटरच्या आसपास घेते, जाळ्याच्या कडेने चालताना त्याहून बरीच कमी. पेट्रोलचा हिशेब मी वहीत ठेवते, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय.

लाँगटेल, म्हणजे पाण्याच्या पंपाचं इंजन आणि मागे लांब दांड्यावर पंखा, हा स्वस्तातला मार्ग आहे आणि वाईट नाही. उथळ पाण्यात, जलपर्णीत, खोडांमध्ये तो आऊटबोर्डपेक्षा बरा चालतो. पंखा नुसता उचलून घ्यायचा. शेतीपंप दुरुस्त करणारा गावातला माणूस तो दुरुस्त करतो, ही फार मोठी गोष्ट आहे. पण हवेवर थंड होणारं इंजन कानाशी सतत ओरडतं आणि लांब दांडा वळवायला खांदा लागतो. मला जाळ्याच्या बोयांमधून होडी बोटाबोटाने सरकवायची असते, तिथे लाँगटेल अडचणीची. हळद-ऊस करून जोडीला मासेमारी करणाऱ्यासाठी मात्र तीच बरी, इंजन बाकीच्या दिवसांत पंपाला लागतं.

बॅटरीवरची मोटर गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांनी जरूर घ्यावी. आवाज नाही, मरळ दचकत नाही. आम्हाला ती पुरत नाही. ५५ पौंड ताकदीची मोटर पूर्ण वेगाला ५० अँपियरच्या आसपास ओढते, म्हणजे १०० अँपियर-तासाची बॅटरी कागदावर दोन तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. लेड-अॅसिड बॅटरी पंचवीस-तीस किलोची, आणि गाळ तोच.

आता होडी. मोटरीइतकंच, कदाचित जास्तच, लक्ष तिच्याकडे द्या. आबांच्या लहानपणी पुरात माणसं गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायची. त्यामानाने फायबरची होडी म्हणजे चैन. पण बाजारातल्या बऱ्याच फायबर होड्या वल्ह्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांची मागची फळी मोटरीचा धक्का सोसायला बनवलेली नसते. मोटर लावली की सहा महिन्यांत कोपऱ्यांना केसासारख्या चिरा दिसू लागतात. घेतानाच कारागिराला सांगून मागच्या बाजूला आतून-बाहेरून जाड मरीन प्लायवूड किंवा सागाची फळी बोल्टने आवळून, वर फायबर चढवून घ्या. आणि त्या फळीची उंची मोजा. आऊटबोर्डच्या पायाची लांबी दोन मापांत येते, १५ इंची आणि २० इंची. फळी १५ इंचाची आणि मोटर २० इंची घेतली तर पंखा उगाच खोल जातो आणि उथळात आपटतो. उलट केलं तर पंखा हवा ओढतो, इंजन ओरडतं आणि होडी जागची हलत नाही. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या इंचभर खाली आली पाहिजे. खरेदीला जाताना टेप घेऊन जा.

फायबर होडीत पुढे आणि मागे बंद कप्प्यांत फोम भरलेला आहे का ते बघा. पाणी भरलं तरी होडी तरंगत राहिली पाहिजे. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९च्या महापुरात माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटली, ते कृष्णाकाठचं कोणी विसरलेलं नाही. आमच्या होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय भाऊसुद्धा बसत नाही, आणि मोटरीची लाल दोरी, जी ओढली गेली की इंजन बंद होतं, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला असते. जाळं ओढताना माणूस पाण्यात गेला आणि होडी गोल फिरून पंख्यासकट त्याच्यावर आली, तर वेळ मिळत नाही. मोटरीला आणखी एक दोरी हवी. फळीला आवळलेले दोन स्क्रू इंजनाच्या थरथरीने हळूहळू सैल होतात, एका सिलिंडरच्या मोटरीत जास्तच. नायलॉनची जाड दोरी मोटरीच्या कडीतून घेऊन होडीच्या कडीला बांधा. सुटली तरी तळाला जाणार नाही.

या मोटरीची मला न आवडणारी गोष्ट हीच थरथर. हळू चालवताना बसल्या जागी पाय बधिरतात. जाळ्याच्या कडेने तासभर रांगत गेलं की हँडल धरलेल्या हाताला मुंग्या येतात. दोन सिलिंडरच्या मोटरीत हा त्रास कमी असतो, पण ती वजनात जाते. आतली टाकी साधारण लिटरभराची, तेवढ्यावर काठापासून लांब जाऊ नये. नळी जोडून वेगळी टाकी वापरावी. आणि चार-स्ट्रोक मोटर जीपमध्ये कशीही आडवी टाकता येत नाही. कुठल्या कुशीवर ठेवायची ते पुस्तकात दिलेलं असतं आणि बहुतेक मोटरीवर चित्रही असतं. चुकीच्या कुशीवर ठेवली तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. पाण्यातून काढल्यावर आधी थोडा वेळ उभी धरून आतलं पाणी निथळू द्यायचं, आणि आडवी ठेवतानाही डोकं पायापेक्षा उंच. गाडीवाल्याला हे दर वेळी सांगावं लागतं.

देखभालीचं म्हणाल तर या मोटरीचा जीव रबराच्या एका छोट्या पंख्यात आहे. इंपेलर. तो खालून धरणाचं पाणी ओढून इंजनाभोवती फिरवतो. मोटरीच्या मागून पाण्याची बारीक धार पडते, ती त्याचीच खूण. मी दोरी ओढल्यावर आधी धारेकडे बघते, मग पुढे. धार नसेल तर लगेच बंद. पावसाळ्याच्या तोंडाला पाणी लाल येतं, त्यात बारीक वाळू असते आणि ती इंपेलरच्या पाकळ्या घासते. उन्हाळ्यात उथळात मोटर गाळ ओढते. म्हणून पुस्तकात काहीही लिहिलं असलं तरी आमचा इंपेलर दर वर्षी बदलतो. भाग छोटा आहे, इंजन गरम होऊन बसण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. कोरड्या जमिनीवर मोटर क्षणभरसुद्धा चालू करून दाखवू नका, पाण्याशिवाय इंपेलर लगेच जळतो. तपासायची असेल तर पाण्याच्या पिंपात मोटरीचा पाय बुडवून.

मासेमारी करणाऱ्याच्या मोटरीचा दुसरा शत्रू त्याचंच जाळं. नायलॉनचा एक धागा पंख्याच्या मागे दांड्याला गुंडाळला जातो, दिसत नाही, आणि फिरून फिरून तेलाची सील कापतो. मग गिअरच्या डब्यात पाणी शिरतं. म्हणून पंखा वरचेवर काढून मागे बघायचं. आम्ही पौर्णिमेला बघतो, तारीख लक्षात राहते. गिअरचं तेल काढलं आणि ते ताकासारखं पांढरट निघालं तर पाणी आत गेलंय, सील आधी बदला, नुसतं तेल भरून उपयोग नाही. तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून भरलं तर हवा अडकते.

पंखा खोडाला किंवा दगडाला आपटला तर काही मोटरीत पंख्याची पिन तुटते, काहींत आतला रबर बुश निसटतो. हे भाग मुद्दाम कमजोर ठेवलेले असतात, गिअर वाचावा म्हणून. पिनेच्या जागी लोखंडी खिळा ठोकून काम भागवणारे मी पाहिलेत. त्यांचा पुढचा खर्च गिअरबॉक्सचा असतो. धोमच्या पाण्यात उन्हाळ्यात जुन्या बांधांचे दगड आणि झाडांची खोडं वर येतात, म्हणून दोन पिना आणि एक जादा पंखा होडीतच ठेवतो.

इंजन ऑईल पहिल्या २० तासांनी बदलायचं, मग दर १०० तासांनी. तास मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोजचे तास टिपते.

पेट्रोलचा विषय आता सगळ्यांनी गंभीरपणे घ्यावा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि छोट्या आऊटबोर्डच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. धरणावर, धुक्यात, अर्धी टाकी झाकण सैल करून आठवडाभर ठेवली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं, आणि नळी नेमकी तळातून ओढते. मग मोटर दोन ओढीत सुरू होते, चार मिनिटांत गुदमरून थांबते. उपाय साधे आहेत. तीन-चार दिवसांना पुरेल तेवढंच पेट्रोल आणायचं. टाकी भरलेली ठेवायची किंवा पूर्ण रिकामी. टाकी आणि मोटरीच्या मधे पाणी अडवणारा फिल्टर लावायचा, तळाला पाणी दिसेल असा पारदर्शक वाटीचा. नळ्यांचं रबर कडक झालंय का, चिरतंय का ते बोटांनी दाबून बघायचं. आणि दोन-चार दिवस होडी काढायची नसेल तर नळी काढून इंजन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये काही उरत नाही. जुन्या पेट्रोलचा चिकट थर त्याच्या बारीक जेटमध्ये बसला की साफ करायला अर्धा दिवस जातो.

गोड्या पाण्यात मिठाचा त्रास नाही, हा आपला फायदा. पण मोटरीच्या पायाला स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारी जी धातूची वडी असते, ती समुद्रासाठी जस्ताची येते. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, मॅग्नेशियमची मागून घ्या. किनाऱ्यावरच्या विक्रेत्याला हे सुचत नाही, कारण त्याचं सगळं गिऱ्हाईक समुद्राचं.

पैशाचं. नवी मोटर लाखाच्या वर जाते, होडी वेगळी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, आणि तिच्यात पारंपरिक मच्छीमारांच्या होडी-जाळ्यांचा घटक आहे. साताऱ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज करायच्या आधी कोटेशन, संस्थेचं सभासदत्व आणि बँकेचं पासबुक बरोबर न्या. घरातल्या बाईच्या नावावर अर्ज करा. होडीवर जाळं तीही ओढते, कागदावर नाव यायलाच पाहिजे. मोटर लावली की होडी यंत्रावर चालणारी धरली जाते, त्यामुळे २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालच्या नोंदणीचं आधी विचारून घ्या.

साताऱ्यात आऊटबोर्डचा अधिकृत मिस्त्री शोधत फिरू नका. मोटरसायकलचा चांगला मिस्त्री कार्ब्युरेटर, प्लग, वाल्व सगळं करतो, इंजन शेवटी तसंच आहे. खालचा पाय, गिअर, इंपेलर हे मात्र त्याला माहीत नसतं, ते तुम्ही शिका. आम्ही विक्रेत्याकडून पैसे देण्याआधी त्याच्याच टेबलावर इंपेलर काढून-बसवून बघितला, भावाने मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवलं. जो विक्रेता हे करू देत नाही आणि मोटरीबरोबर इंपेलर, दोन प्लग, पिना आणि गिअर-तेलाचे वॉशर त्याच दिवशी देत नाही, त्याच्याकडून मोटर घेऊ नका. घाट उतरून किनाऱ्यावरच्या विक्रेत्याकडे परत जाण्यात एक दिवस आणि एका दिवसाची मासळी जाते.